माझे कॅमेरे आणि आईचा प्रश्न

गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत माझ्या मालकीचे चार कॅमेरे झाले. हल्लीचा भ्रमणध्वनी धरला तर पाच. हौशी छायाचित्रकाराच्या मानाने ही संख्या मोठी नव्हे. माझे एक स्नेही याच काळात सतरा कॅमेरे बाळगून बसले, आणि परिग्रहपरिमाणाचे व्रत घेताना त्यांना आधी कॅमेऱ्यांचीच यादी करावी लागली, असे आम्ही त्यांना अजून चिडवतो. माझी यादी छोटी आहे. मात्र तिच्यातील प्रत्येक कॅमेऱ्याशी आईचा काही ना काही संबंध आहे, आणि त्यांतील एका गोष्टीविषयी मी आजवर घराबाहेर कोणाशी बोललो नाही. ती येथे लिहितो.

पहिला कॅमेरा आग्फा क्लिक-थ्री. १९७१ साली मी नववीत असताना मुंबईच्या मामांनी तो दिला. त्या काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा आलाच तर बहुधा हाच येई. बडोद्यास तयार होई, त्यामुळे परवडेही. काळा, हलका, खेळण्यासारखा डबा. अंतर जुळवण्याची सोय नाही, शटरचा वेग एकच. भिंगाजवळ सूर्य आणि ढग अशी दोन चित्रे होती. ऊन असेल तर कळ सूर्यावर, नसेल तर ढगावर. पाठीमागे तांबड्या काचेची छोटी खिडकी असे. फिरकी फिरवली की रोलच्या पाठच्या कागदावरचा आकडा त्या खिडकीत येऊन थांबायचा. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे. अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांनी तेथल्या तेथे हिशेब केला आणि तीन महिन्यांस एक रोल मंजूर केला. म्हणजे महिन्यास चार छायाचित्रे. आज हे सांगितले की नातवंडे हसतात. पण आठवड्यातून एकदाच कळ दाबायची आहे हे ठाऊक असलेला मुलगा उरलेले सहा दिवस कशाकशाकडे पाहत असेल, याची त्यांना कल्पना यायची नाही.

मामांनी सांगितले होते, ‘सूर्य पाठीशी ठेव.’ मी ती आज्ञा तंतोतंत पाळली. त्यामुळे पहिल्या रोलमधील बहुतेक चित्रांत समोरच्या माणसाने डोळे बारीक केलेले आहेत आणि माझी स्वतःची सावली त्याच्या पायांपर्यंत पोचली आहे. आईचे मी काढलेले पहिले छायाचित्र असेच आहे. परसात ती हळकुंडे वाळत घालत होती. हाक मारली तशी वळून उभी राहिली. तिच्या लुगड्याच्या काठावर माझ्या डोक्याची गोल सावली पडली आहे. ‘हे काय काळं पडलंय?’ असे तिने विचारले. ‘मी,’ असे सांगितल्यावर म्हणाली, ‘मग असू दे.’

दुसरा कॅमेरा घेईपर्यंत अकरा वर्षे गेली. मी बँकेत चिकटलो होतो. १९८२ च्या आरंभी मुंबईस गेलो असता बोरा बाजारातील एका दुकानातून वापरलेला झेनिट-ई घेतला. हा रशियन कॅमेरा. माझ्या प्रतीवर मॉस्को ऑलिंपिकचे चिन्ह होते. लेन्ससकट जवळजवळ किलोभर वजन. गळ्यात घालून दिवसभर हिंडले की संध्याकाळी मान धरायची. शटरचा आवाज असा की देवळात कळ दाबली तर पुजारी मागे वळून पाहत. पण त्याची हेलिओस लेन्स फार गुणी होती, आणि प्रकाश मोजणाऱ्या काट्याला बॅटरी लागत नसे. वर बसवलेल्या सेलेनियमच्या पट्टीवर उजेड पडला की काटा आपोआप हलायचा. छिद्र मात्र हाताने लहानमोठे करावे लागे. आधी उघडून चित्र जुळवायचे, मग कडे फिरवून मिटायचे, मग कळ दाबायची. एवढ्या वेळात लहान मुले निघून जात. म्हाताऱ्या माणसांची छायाचित्रे मात्र त्याने उत्तम निघाली, कारण त्यांना कोठे जायचे नसे.

या कॅमेऱ्याबरोबर जाड तपकिरी चामड्याचे आवरण आले होते. आईने ते उंबऱ्यातच अडवले. ‘हे चामड्याचं आत नको.’ घरात चपलांखेरीज चामडे नसे, आणि चपलाही सोप्याच्या बाहेर राहत. मी आवरण काढून मित्राला देऊन टाकले. दोन दिवसांनी आईने मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवून, मध्ये कापूस भरून, तोंडाला नाडी ओवून माझ्यापुढे ठेवली. कॅमेरा तिच्यात चपखल बसला. मग तिने विचारले, ‘आता यात दुसरं तसलं काही नाही ना?’

मी ‘नाही’ म्हणालो.

तेव्हा मला उत्तर ठाऊक होते. माडीवरच्या न्हाणीत मी नुकतीच अंधारखोली थाटली होती आणि वाचनालयातून आणलेले छायाचित्रणाचे एक इंग्रजी पुस्तक वाचून संपवले होते. फिल्मवर प्रकाश टिपणारे चांदीचे क्षार असतात, हे बहुतेकांना माहीत असते. ते क्षार फिल्मला धरून ठेवणारा जो पातळ थर असतो तो जिलेटिनचा, आणि जिलेटिन निघते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ साली काचेवर जिलेटिनचा थर देण्याची युक्ती सुचवली. तेव्हापासून रोल, कागद, चित्रपटाच्या फिती, सारे तिच्यावर चालले. हा पदार्थ उष्णतेने पातळ होतो, गारव्याने थिजतो आणि पाण्यात फुगतो. फुगला की रसायने आत शिरतात, पण चांदीचा कण जागचा हलत नाही. इतके गुण एकत्र असलेला दुसरा पदार्थ पुढे शंभर वर्षांत कोणाला नीट साधला नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास आणखी एक विलक्षण गोष्ट शोधून काढली. काही जिलेटिनची फिल्म अधिक संवेदनशील का होते, याचा माग घेत तो गाईंच्या चाऱ्यापर्यंत पोचला. ज्या गाईंच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीच्या वनस्पती असत, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचा सूक्ष्म अंश उतरे, आणि तोच चांदीला प्रकाशाबाबत जागे करी. हे मी पुष्कळ नंतर वाचले. वाचताना अंगावर काटा आला. तो कौतुकाचा होता की दुसऱ्या कशाचा, हे मला आजही सांगता येत नाही.

तर मी आईशी खोटे बोललो. कारण सरळ आहे. खरे सांगितले असते तर रोल घरात येणे बंद झाले असते, आणि तेव्हा मला छायाचित्रणाचे वेड लागलेले होते. मी मनाची समजूतही घातली. वर्तमानपत्रातील चित्रे फिल्मवरूनच छापतात. दवाखान्यातील क्ष-किरणाची फिल्मही तशीच. आणि आपल्या समाजातील लग्नांचे ते जाडजूड अल्बम? सूर्यास्तापूर्वी पंगती उठवणारी मंडळी अल्बमची चळत मांडीवर घेऊन रात्री दहापर्यंत पाहत बसत, तेथे कोणी कधी हा प्रश्न विचारला नव्हता. युक्तिवाद म्हणून हे सारे ठीक होते. पण आईने विचारला होता.

पुढील अकरा वर्षे मी झेनिटवर मनसोक्त काम केले. पूर्व जर्मनीचा ऑर्वो मिळे, उटकमंडच्या सरकारी कारखान्याचा इंदू मिळे. उन्हाळ्यात सांगलीचे पाणी इतके तापे की डेव्हलपरच्या भांड्याभोवती बर्फ ठेवावा लागे, नाहीतर थर मऊ पडून सुरकुत्या येत. माझे सर्वांत चांगले छायाचित्र त्याच काळातले, १९८६ सालचे. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. पेव उघडले की माणूस एकदम आत उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर आतली हवा वाईट. अण्णा त्या दिवशी मालाच्या मोजणीसाठी गेले होते. पेवाच्या तोंडाशी ओणवे होऊन ते दोरीने कंदील खाली सोडत आहेत आणि खालून येणारा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला आहे, एवढेच त्या चित्रात आहे. १९८९ मध्ये अण्णा गेले. मी ते चित्र मोठे करून, चौकटीत बसवून आईला दिले. तिने ते माजघरात देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवले. रोज सकाळी पूजेनंतर ती त्यावर फडके फिरवी. ते पाहताना मला बरे वाटत नसे. पण मी बोललो नाही.

१९९३ च्या डिसेंबरात श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक होता. आईला घेऊन मी बसने गेलो. गर्दीमुळे आम्हांला समोरच्या चंद्रगिरीवरून पाहावे लागले. सत्तावन्न फुटांची मूर्ती माझ्या लेन्समधून अंगठ्याएवढी दिसत होती, तरी दूध, हळद, चंदन यांचे रंग बदलताना स्पष्ट कळत होते. मी रंगीत रोल घातला होता. छत्तीस छायाचित्रांच्या त्या रोलवर अडतीस निघाली, म्हणून मी खूश होतो. अनुभवी वाचकांच्या लक्षात येथेच काय ते आले असेल. रोलचे टोक फिरकीत अडकलेच नव्हते. झेनिटचा आकडा फिल्म सरको वा न सरको, पुढे जातच राहतो. खटका ओढताना डावीकडचे बटण फिरते की नाही, हे पाहण्याची सवय मला होती. त्या दिवशी डोंगरावरील धक्काबुक्कीत ते राहिले.

सांगलीच्या दुकानातून रोल धुऊन आला तो कोरा. रंगीत निगेटिव्ह कोरी असली तरी पारदर्शक नसते, नारिंगी-तपकिरी असते. मी ती पट्टी घेऊन माजघरात आलो आणि आईला सांगितले, ‘एकही आला नाही.’ तिला फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. तिने पट्टी हातात घेतली, खिडकीकडे धरली. खिडकीचे गज नारिंगी दिसत होते. बराच वेळ पाहून तिने विचारले, ‘चित्र नाही, मग हा रंग कसला?’

‘फिल्मचाच असतो तो.’

‘कशात कालवून लावलाय?’

आयुष्य स्वयंपाकघरात गेलेल्या बाईचा तो साधा प्रश्न होता. रंग नुसता चिकटत नाही, कशात तरी कालवावा लागतो, हे तिला कळत होते. मी त्यासाठी पुस्तक वाचले होते. अकरा वर्षांपूर्वी एकदा खोटे बोललो होतो. दुसऱ्यांदा जमले नाही. मी सांगितले.

ती रागावली नाही. पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘कधीपासून ठाऊक होतं?’

‘ब्याऐंशीपासून.’

‘म्हणजे मी पिशवी शिवली तेव्हा.’

मी गप्प राहिलो. तीन दिवस या विषयावर कोणी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी उठलो तर अण्णांचे छायाचित्र कोनाड्यात नव्हते. आईने ते सोप्यात नेऊन, दाराच्या वर, हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर खिळा ठोकून लावून घेतले होते. शेजारच्या मुलाला स्टुलावर चढवले होते म्हणे. मला एवढेच सांगितले, ‘ते टाकायचं नाही. पण देवाजवळ नको.’ आणि मग, भाजी निवडता निवडता, ‘माझा आता काढत जाऊ नकोस.’

झेनिट मी पिशवीत घालून कपाटात ठेवला. एका पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे जाळे पसरले. दोन वर्षे मी कॅमेऱ्याला हात लावला नाही, असे लिहायला आवडले असते. खरे म्हणजे आठ-नऊ महिनेच. मुले वाढत होती, शाळेची स्नेहसंमेलने होती. इतरांचे कॅमेरे मागून काम चालवले आणि शेवटी १९९८ मध्ये निकॉनचा एफएम-१० घेतला. हलका, नेटका, आज्ञाधारक. रोल नीट बसला आहे की नाही हे मी प्रत्येक वेळी दोनदा पाहू लागलो. त्याच्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही आणि विशेष सांगण्यासारखेही नाही. त्याने मुलांची, पत्नीची, कृष्णेच्या घाटाची छायाचित्रे निघाली. आई चौकटीत येऊ लागली की उठून आत जाई. हळूहळू आम्हांला त्याची सवय झाली. १९९४ पासून २००४ पर्यंत, म्हणजे वयाच्या एकसष्टीपासून एकाहत्तरीपर्यंत, तिचे एकही छायाचित्र नाही. मुलीच्या बारशाच्या चित्रात दाराच्या कडेला एक कोपर दिसते, ते तिचे.

मधल्या काळात ती पडली आणि कंबरेचा क्ष-किरण काढावा लागला. ती फिल्मही जिलेटिनचीच हे मी आधीच सांगून टाकले. आता काही लपवायचे नाही असे ठरवले होते. ती म्हणाली, ‘दुखणं वेगळं, हौस वेगळी.’ तिच्या मनातील सीमारेषा कोठून कोठे जाते, हे तिला नेमके माहीत होते. मला ती रेषा अनेकदा आडवीतिडवी वाटे; पण एकदा आखली की तिच्या बाजूने ती वाकडी होत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याविषयी मी वाचत होतो. गंमत अशी की ज्या कोडॅकने जगभर फिल्म विकली, तिच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. एक चित्र कॅसेटवर उतरायला त्याला तेवीस सेकंद लागत. आमच्यासारख्यांच्या आवाक्यात ही वस्तू यायला आणखी तीस वर्षे गेली. २००४ मध्ये निकॉनचा डी-७० निघाला. साठ लाखांवर बिंदूंचे चित्र, आणि फिल्म नाही. किंमत ऐकून पत्नीने हिशेबाची वही माझ्यासमोर उघडी ठेवली. तेव्हा मी तिला हा कॅमेरा मला कशासाठी हवा आहे ते सांगितले. तिने वही मिटली.

नवा कॅमेरा आईसमोर ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. ‘यात रोल कुठं बसतो?’ बसत नाही म्हटल्यावर, ‘मग चित्र कशावर पडतं?’ मी सांगितले की सिलिकॉनच्या एका तुकड्यावर पडते, आणि सिलिकॉन वाळूपासून काढतात. वाळू तिला पटली. मग तोच जुना प्रश्न आला, ‘दुसरं काही नाही ना तसलं?’ या खेपेला मी ‘नाही’ म्हणालो नाही. ‘माझ्या माहितीत तरी नाही,’ असे म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि समोरचे सूप जवळ ओढून तांदूळ निवडू लागली. ती परवानगी होती, हे कळायला मला क्षणभर लागला.

दहा वर्षांनी मी तिच्याकडे लेन्समधून पाहत होतो. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना जे दिसले नव्हते ते दिसले: मान एका बाजूला कलली होती, उजव्या हाताची दोन बोटे नीट मिटत नव्हती. मी बावीस छायाचित्रे काढली. कॅमेऱ्याच्या पाठीवरील तळहाताहून लहान पडद्यावर तिने ती पाहिली आणि विचारले, ‘अण्णांचा असा होईल का?’ मी सोप्यातील चौकट खाली उतरवली, अंगणातील सावलीत ठेवून तिचे छायाचित्र घेतले आणि संगणकावरून साध्या कागदावर छापून आणले. चकचकीत कागद मुद्दाम घेतला नाही, कारण छपाईच्या काही कागदांवरही जिलेटिनचा थर असतो. छपाई फिकी, खरखरीत निघाली. कंदिलाचा उजेड कागदाच्या पांढऱ्यात मिसळून गेला. मी नाराज होतो. आईने ती प्रत कोनाड्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पूजेनंतर तिच्यावर फडके फिरू लागले. २०१३ मध्ये ती गेली तोवर मी तिची शेकडो छायाचित्रे काढली. ती सगळी एका हार्ड डिस्कवर जपून ठेवली होती. आणखी एक प्रत करायची, असे दर दिवाळीला ठरवत होतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागेत नातलगांकडे गेलो. आठवड्याने परतलो तेव्हा माजघरात छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती. कोनाड्यातील कागदाचा लगदा होऊन तो काचेला चिकटला होता. सोप्यातले मूळ छायाचित्र, आईने उंच लावून घेतलेले, कोरडे होते. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात हार्ड डिस्क आणि निगेटिव्हचा पत्र्याचा डबा शेजारी शेजारी होते. दोन्हींत पाणी शिरले होते. डिस्क पुण्यास पाठवली. हाती फारसे काही लागले नाही.

डबा उघडला तेव्हा दुर्गंधी आली. ओल्या निगेटिव्ह एकमेकींवर वाळल्या तर कायमच्या चिकटतात; म्हणून त्या ओल्याच ठेवून, स्वच्छ गार पाण्यात अलगद सुट्या कराव्या लागतात. स्वच्छ पाणी तेव्हा टँकरने येत होते, आणि गल्लीतील बायाबापड्या त्यासाठी रांगेत उभ्या होत्या. मला निगेटिव्ह धुवायला पाणी हवे आहे, हे सांगायची लाज वाटत होती. वाट्याला आलेल्या दोन बादल्यांपैकी एक मी माडीवर नेली. पाण्यात बारीक गाळ होता, आणि फुगलेल्या जिलेटिनवर एक कण घासला तरी ओरखडा उठतो. पत्नीने आईचे पाणी गाळायचे फडके आणून दिले. ते वरच्या ट्रंकेत राहिले होते. त्यातून पाणी गाळून घेतले आणि रात्री दोनपर्यंत एकेक पट्टी सोडवत बसलो. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी त्या टांगल्या. नव्वदेक पट्ट्यांपैकी साठ-बासष्ट वाचल्या. क्लिक-थ्रीची परसातील ती पहिली निगेटिव्ह हाती लागली तेव्हा घाईत माझा अंगठा तिच्यावर टेकला. आठवडाभर भिजलेला थर लोण्यासारखा सरकला. आईच्या चेहऱ्याच्या जागी आता नुसती स्वच्छ फिल्म आहे. लुगड्याचा काठ आणि त्यावरची माझी सावली राहिली आहे.

आता सकाळी फिरायला जाताना खिशात भ्रमणध्वनी असतो. घाटावरचे धुके, बगळे, नातवाचा दात पडलेला चेहरा, काय वाट्टेल ते टिपतो आणि मुलगी ते तीन ठिकाणी साठवून ठेवते. एफएम-१० एका शाळकरी मुलाला दिला. झेनिट मांजरपाटाच्या पिशवीतच आहे. पिशवी पुरात भिजली, धुतली, नाडी नवी ओवली.

मध्यंतरी मुलीने विचारले, आजीचा एक फोटो मोठा करून लावू या का? डिजिटलपैकी मुलीकडे गेलेली सात-आठ चित्रे आहेत, तीही लहान आकाराची. मोठी करताना विरतात. मोठी होण्यासारखी आहेत ती सगळी झेनिटची, १९८२ ते ९३ मधली, म्हणजे तिला ठाऊक नसताना तसल्या फिल्मवर काढलेली. त्यांतले एक तर फारच सुंदर आहे: ती मांजरपाटाच्या पिशवीला नाडी ओवते आहे, दाताने दोरा तोडण्याच्या बेतात आहे. मुलगी म्हणते, निगेटिव्ह स्कॅन करून साध्या कागदावर छापले की प्रश्न मिटला. मी अजून हो म्हटलेले नाही. डबा मात्र पुन्हा कपाटात ठेवला नाही. सोप्यात दारावर, अण्णांच्या छायाचित्राशेजारी सुताराकडून एक फळी ठोकून घेतली आहे. तो तेथे असतो. माजघरात नेलेला नाही.